अकरा स्क्रू

'अरे, ती गिटार एकदा पुसून तरी काढ. बाथरूमच्या जुन्या टाइल्ससारखा रंग झालाय तिचा!'

आईची ही कमेंट दर दिवाळीच्या साफसफाईत ठरलेली. मी दर वर्षी तिला समजावतो, की बाई गं, हा मळ नाही, प्लास्टिक पिवळं पडलंय. ती दर वर्षी ओला फडका घेऊन पुढे येते. मग मी गिटार उचलून बेडरूममध्ये पळतो. यंदा मात्र मीच शरण गेलो. म्हटलं, चला, होऊन जाऊ दे. पिकगार्ड बदलू या!

ज्यांचा गिटारशी दुरूनही संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावर, तारांच्या खाली, जो प्लास्टिकचा मोठा वेडावाकडा तुकडा दिसतो, तो म्हणजे पिकगार्ड. काम नावातच आहे. पिक हातात धरून तुम्ही तारा छेडता, तेव्हा ती पिक लाकडावर घासून ओरखडे पडू नयेत म्हणून ही ढाल. मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखंच! मग स्क्रीनगार्ड बदलायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. मी अर्धा तास धरला. लागले सहा दिवस.

कारण माझी गिटार आहे स्ट्रॅटोकास्टरच्या घराण्यातली. म्हणजे अस्सल नव्हे, कॉपी. अस्सल स्ट्रॅट अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणली. तिची गंमत अशी, की बाहेरून दिसणारं हे प्लास्टिक नुसतं झाकण नाही. तीन पिकअप, व्हॉल्यूमचा एक आणि टोनचे दोन नॉब, पिकअप निवडायचा स्विच, असं सगळं बिऱ्हाड त्याच पिकगार्डला खालून लटकलेलं असतं. म्हणजे वरचा मुखवटा बदलायचा तर आतलं सगळं घर रिकामं करायचं! फेंडरची आयडिया मात्र झकास होती. सगळं वायरिंग एका प्लेटवर टेबलावर बसून करायचं आणि मग प्लेट लाकडावर आणून बसवायची.

पहिल्या स्ट्रॅटचं पिकगार्ड एकपदरी पांढऱ्या प्लास्टिकचं होतं आणि ते आठ स्क्रूंवर बसायचं. १९५९ मध्ये ते तीनपदरी झालं आणि स्क्रू झाले अकरा. त्या काळातली बरीचशी तीनपदरी पिकगार्ड्स सेल्युलॉइडची होती. हे नायट्रेट सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमांच्या फिल्मचं भावंड. काळाबरोबर रंग बदलणारं आणि भयंकर ज्वालाग्राही! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये जी आग लागली, ती नायट्रेट फिल्म्सनाच. गिटारवरचं पांढरं सेल्युलॉइड मात्र जळलं नाही, ते हळूहळू हिरवट झालं. आता तोच हिरवट रंग मुद्दाम देऊन नवी पिकगार्ड्स विकली जातात. माझं मात्र साधं स्वस्त प्लास्टिक. ते हिरवंही झालं नाही. सरळ पिवळं पडलं.

आता थोडा फ्लॅशबॅक. ही गिटार मी घेतली २००५ मध्ये, इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला. आम्ही राहतो कांजूरमार्ग ईस्टला आणि कांजूर म्हणजे पवईच्या आयआयटीचं स्टेशन. वर्ष संपलं की पास आऊट होणारी मुलं हॉस्टेलचा संसार विकायला काढतात. सायकली, कूलर, गाद्या आणि क्वचित एखादी गिटार. धोबी तलावला फुर्टाडोजच्या काचेला नाक लावून मी अनेकदा परत आलो होतो. इथे दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या साडेचार हजारांत काम झालं. खांद्यावर गिटार लटकवून स्टेशनचा पूल उतरताना मला वाटत होतं, आपण 'मूड इंडिगो'च्या 'लाइव्हवायर'मध्येच वाजवायला निघालोय!

घरात मात्र लाइव्ह ऑडियन्स एकच होता. बाबा. ते नुकतेच व्हीआरएस घेऊन घरी बसले होते. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मोटर वाइंडिंगचं काम केलं. घाटकोपर ते मुलुंडचा हा सगळा पट्टा एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यावर उठायचा आणि जेवायचा. मग एकेक भोंगा बंद झाला, त्या जागी टॉवर आणि मॉल आले, आणि बाबांसारखी माणसं सकाळी साडेसहाला तयार होऊन, कुठेच जायचं नसताना, पेपर वाचत बसू लागली. अशा माणसाच्या डोक्याशी मी डिस्टॉर्शन लावून बसायचो. 'हा खणखणाट किती वाजेपर्यंत आहे?' एवढंच ते विचारायचे. प्रश्न नसायचा तो. मी आवाज कमी करायचो. दार लावायचो. आमचा गिटारविषयीचा संवाद एवढाच.

२००८ मध्ये नोकरी लागून मी बंगळुरूला गेलो, त्याच्या महिनाभर आधीच गिटार बंद पडली होती. अँपमधून नुसती सामसूम. म्हटलं, गेली. कपाटावर टाकली आणि निघालो. पुढच्या वर्षी दिवाळीला घरी आलो, सहज जॅक लावून बघितला, तर चक्क वाजली! पावसाळ्यातली ओल सुकली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतं असं कधी कधी. इंजिनीअरिंगची डिग्री खिशात असलेला माणूस हे बोलत होता, नोंद घ्या.

तर मंडळी, पुन्हा या दिवाळीत. मी ऑनलाइन एक मस्त काळं पिकगार्ड मागवलं. काळंच का? डेव्हिड गिलमोर! पिंक फ्लॉइडच्या या अवलियाने १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक काळी स्ट्रॅट घेतली. १९७४ मध्ये तिचं पांढरं पिकगार्ड काढून त्याने साधं काळं अॅक्रिलिकचं बसवलं आणि त्या गिटारचा चेहराच बदलला. २०१९ च्या जूनमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. म्हटलं, किमतीचं जाऊ दे, दिसायला तर तशी होईल!

पार्सल आलं. मी तारा सैल करून काढल्या आणि स्क्रूंना हात घातला. पहिले चार सहज निघाले. पाचव्याला गंज. आपल्याकडच्या पावसाळ्याने वीस वर्षांत त्याला लाकडाशी पक्कं बांधून ठेवलं होतं. अशा वेळी जोर लावलात तर डोकं झिजतं आणि मग स्क्रू जन्मात निघत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकायचा आणि धीर धरायचा. नाहीच ऐकला, तर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवायचं. स्क्रू तापून किंचित फुगतो, गार होताना पकड सोडतो. पाचवा तेलावर निघाला, नववा आयर्नवर. अकरा स्क्रू एका वाटीत जमा झाले आणि मी पिकगार्ड उचललं.

खाली धूळ, एक मेलेली मुंगी आणि वायर्सचा गुंता. आणि प्लास्टिकखाली झाकलेला गिटारचा मूळ लाल रंग, एकदम ताजा! बाहेरचा लाल इतका विटलाय हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गुंत्यात एक गोष्ट मात्र वेगळी दिसली. व्हॉल्यूमच्या पॉटपासून जॅककडे जाणाऱ्या दोन वायर्सवर पिवळी स्लीव्ह चढवलेली होती, दोन्ही टोकांना दोऱ्याने बारीक बांधून. बाकी सगळं कंपनीचं काम गचाळ, सोल्डरचे गोळे नुसते थापलेले. ही दोन जोडणी मात्र दागिन्यासारखी. म्हटलं, त्या आयआयटीवाल्याने केलं असेल. हुशार पोरं असतात ती.

मग नवं पिकगार्ड ठेवून बघितलं. अकरापैकी किती भोकं जुळावीत? चार! इथे पहिला धडा. 'स्ट्रॅट साइज' नावाची एकच एक साइज नसतेच. जुन्या धाटणीची भोकं वेगळी, आजच्या धाटणीची वेगळी, आणि आमच्यासारख्या कॉपीवाल्यांचं तर आणखी तिसरंच. त्यामुळे मागवण्याआधी जुनं पिकगार्ड कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवा, भोकांमधली अंतरं मोजा आणि मगच पैसे भरा. मी उलट्या क्रमाने गेलो.

आता? लाकडाला सात नवी भोकं पाडायची माझी हिंमत नव्हती. मी नॉब खेचून काढले, पॉटचे नट सोडवले, स्विचचे दोन आणि पिकअपचे सहा स्क्रू काढले, आणि जुनं, रिकामं पिकगार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून स्टेशनजवळच्या नेमप्लेटवाल्याकडे गेलो. हो, दारावरच्या पाट्या बनवतो तोच. रबर स्टॅम्प, ट्रॉफ्या, सोसायटीचे 'नो पार्किंग', सगळं करतो.

त्याने तुकडा उलटसुलट करून बघितला. 'साहेब, नाव काय टाकायचं?'

'नाव नाही टाकायचं. असंच्या असं कापून पाहिजे. काळ्या अॅक्रिलिकमध्ये.'

'नाव नाही?' तो जरा खट्टू झाला. पण पुढे त्याने जे काम केलं, ते बघत राहावं असं. तुकडा स्कॅन केला, कॉम्प्युटरवर प्रत्येक वळण माऊसने गोल केलं, कॅलिपरने भोकं मोजली आणि लेझर कटरला दोन मिलिमीटरची शीट लावली. दोनच्या खाली गेलात तर पिकअपच्या वजनाने मधे वाकतं, तीनची जाड दिसते. स्क्रूची डोकी आत बसावीत म्हणून भोकांची तोंडं त्याने हाताने रुंद केली आणि बजावलं, 'स्क्रू पिळू नका हां. अॅक्रिलिक आहे, तडकेल. टेकला की थांबा.' नेमप्लेटवाल्याकडून मिळालेला हा गिटारचा दुसरा धडा.

घरी येऊन सगळं नव्या तुकड्यावर चढवलं. जुन्या पिकगार्डच्या मागे अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवलेली होती, ती बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून असते. मी स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळायची फॉइल पळवली आणि पॉटच्या धातूला टेकेल अशी चिकटवली. दोन स्क्रूंची भोकं लाकडात सैल झाली होती, तिथे काडेपेटीच्या काडीचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकला. रात्रभर सुकवलं. अकरा स्क्रू, टेकले की थांबलो. तारा चढवल्या. काय दिसत होती महाराजा! जॅक लावला...

घर्रर्रर्र.

पिठाच्या गिरणीसारखा आवाज. वायर हलवली, अँपचा सॉकेट बदलला, ट्यूबलाइट बंद केली. ढिम्म. तीन रात्री मी ऑफिसवरून येऊन तेच करत होतो. चौथ्या रात्री दार उघडलं. बाबा. मी सवयीने व्हॉल्यूमच्या नॉबकडे हात नेला.

'तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते का?' त्यांनी विचारलं.

'नाही.'

'आधी व्हायची?'

विचार केला. हो की! आधी नुसता हात ठेवला की शांत व्हायची.

'मग अर्थ तुटलाय. मागचं झाकण उघड. स्प्रिंग आहेत ना, तिथे एक वायर जाते.'

मी झाकण उघडलं. मागच्या खोबणीत, स्प्रिंग अडकवलेल्या लोखंडी पट्टीवरून एक काळी वायर सुटून लोंबत होती. मी पिकगार्ड खेचून उचललं तेव्हा तुटली असणार. एवढंच? एवढंच. आणि मग मला सुचलं, की गिटारला मागून झाकण असतं, त्यात स्प्रिंग असतात आणि तिथे एक वायर जाते, हे बाबांना कसं माहीत?

तोवर ते कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले होते. त्यात पॉलिश पेपर, राळ, कातरी, दोऱ्याचं रीळ. आणि पिवळ्या स्लीव्हचं भेंडोळं. मोटरच्या वाइंडिंगमध्ये वायरच्या टोकांवर चढवतात ती.

मी स्लीव्हकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

'जॅकची वायर तुम्ही जोडली होती?'

'तू बंगळुरूला होतास. पडून होती नुसती कपाटावर.'

'पण सांगितलं नाहीत कधी!'

'तू कुठे विचारलंस?' ते चष्मा पुसत म्हणाले. 'वाजली, तू वाजवत बसलास. काम झालं होतं.'

चौदा-पंधरा वर्षं मी लोकांना त्या आपोआप सुकलेल्या गिटारचा किस्सा रंगवून सांगत होतो.

त्यांनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं आणि परत माझ्यापुढे धरलं. त्यांचे हात हल्ली थरथरतात. आई चहाचा कप अर्धाच भरून देते. 'तू धर. मी सांगतो.'

माझं आयर्न पंचवीस वॅटचं. लॅमिंग्टन रोडवरून हौसेने आणलेलं. ते त्यांनी बाजूलाच ठेवायला लावलं. लोखंडाची जाड पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते, तिथे त्यांचं साठ वॅटचं लागतं. आधी पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची. मग स्लीव्ह वायरवर ओवून ठेवायची, जोडल्यावर ओवता येत नाही. (मी विसरलोच होतो.) 'सोल्डर आयर्नला लावू नकोस. पट्टी तापव, सोल्डर पट्टीला लाव. ती पुरेशी तापली की ते आपणहून पसरतं.' मी घाई केली, गोळा झाला. 'काढ. परत.' दुसऱ्यांदा पसरलं. मी फुंकर मारायला गेलो. 'फुंकू नकोस! हलवू पण नकोस. आपोआप गार होऊ दे.' राळेचा धूर डोळ्यांत जात होता. जोड चकाकत गार झाला. मळकट दिसला असता तर पुन्हा पहिल्यापासून. स्लीव्ह खाली सरकवली, दोऱ्याची गाठ मारली. माझी गाठ त्यांच्या गाठीपुढे अगदीच बावळट दिसत होती. पण पकड घट्ट होती.

जॅक लावला. घर्रर्र. तारांवर हात ठेवला.

शांत.

'झालं,' बाबा म्हणाले आणि डबा बंद केला. तीस वर्षं शिफ्ट संपल्यावर बहुतेक असाच बंद करत असतील.

मी काहीतरी वाजवलं, काय ते आता आठवतही नाही. ते दारातच उभे राहून ऐकत होते. आवाज कमी कर म्हणाले नाहीत. आई आली, गिटारकडे बघून खूश झाली. 'चला, एकदाची स्वच्छ झाली!' जुनं पिवळं पिकगार्ड भंगारात द्यायला तिने उचललंसुद्धा. ते मी काढून घेतलं आणि कपाटावर ठेवलं.

बाबा मात्र बराच वेळ नव्या काळ्या प्लेटकडे बघत होते. आता काहीतरी छान बोलतील म्हणून मी वाट बघत होतो.

'काळं कशाला केलंस?' ते म्हणाले. 'पांढरं बरं दिसत होतं.'